तेरा

दहा सेकंद. उघड, मीट, उघड.
सुगाया घड्याळ धरून मोजतो : तेरा.
ऑपरेशनआधी आठ होते.

चाळीस वर्षं हाकोदाते बंदरावरच्या
खलाशांच्या माना मी वस्तऱ्याखाली वाकवल्या,
एकीवरही ओरखडा नाही.
माझ्या मानेवर आता वीतभर टाके,
आणि शर्टाचं बटण
काजापर्यंत जाऊन माघारी येतं.

पायाखाली फरशी आहे
हे डोळ्यांनी बघून पायाला सांगावं लागतं.

सुगाया माझ्या बुटाची नाडी बांधायला वाकतो.
पोराच्या मानेवर केस वाकडे कापलेत,
डावीकडे झुपकाच राहिलाय.
कोणी कापले रे, विचारतो.
बायकोनं, म्हणतो. लाजतो.

माझी बोटं मांडीवर
आपसूक कात्रीसारखी हलतात, अडखळतात.

पुन्हा लाव घड्याळ.