रेघेच्या वर

मिरजेचा पोरगा आला, तौफिक सतारमेकर,
पाठीला सॅक, ओठात स्क्रू, खांद्यावर पिवळ्या वायरीचं वेटोळं.
"कुठं बसवायचा, काका?"
टीव्हीमागं, मी म्हटलं. दिसायला नको.
"मग रेंज पण दिसायची न्हाई ओ."

घरभर फिरलो आम्ही दोघं, मोबाइल समोर धरून,
पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन रानातून फिरतो तसे.
बाहेरच्या खोलीत चार काड्या. देवघरापाशी तीन.
स्वयंपाकघरात, स्टीलच्या मांडणीसमोर,
एकच, तीही मरतुकडी.
"पत्रा खातो," तो म्हणाला. "पिंप खातं.
भरलेलं पाणी तर लय खातं."
पाणी काय काय खातं
हे तू गावभागात कुणाला सांगतोस, बाबा.

शेवटी बोळकंडी ठरली. घराच्या मधोमध,
जिथं कुणी बसत नाही, नुसती जा-ये.
मी छातीइतक्या उंचीवर बोट टेकलं.
शालन कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली,
"रेघेच्या वर."

तौफिकला रेघ दिसेना.
दिसणार कशी, दोनदा रंग दिलाय भिंतीला.
माझ्या भुवयांच्या जरा वर आहे ती,
तिनंच लावलंय आमचं घर:
वर खरेदीखत, वर लग्नाचा अल्बम, शिलाई मशीनचं डोकं,
हळदीचा डबासुद्धा वर.
खाली, गेलं तरी चालेल असं सगळं.
माझी पुस्तकं खाली आहेत.

तो स्टुलावर चढला. ड्रिल फिरलं.
आधी रंग, मग विटेची लाल भुकटी,
मग थोडी राखाडी, मऊ,
जी विटेची नव्हती.
फुंकर मारून त्यानं खिळा ठोकला.
अँटेना पिळल्या खुंट्या पिळाव्या तशा,
एक उभी, एक आडवी, मान तिरकी करून,
जणू काही ऐकू येणार होतं.
"आजा तारा लावायचा. माझ्यात तारच न्हाई."

हिरवा दिवा लागला.
"पासवर्ड सांगा. आठ अक्षरं तरी पायजेत."
शालननं ती तारीख सांगितली
आणि पुढं त्या रात्रीचे, आयर्विन पुलावरचे, फूट.
इथं लिहीत नाही. पासवर्ड आहे.

आमच्या गल्लीत मात्र कुणीही
पहिल्या झटक्यात ओळखेल.
रात्री मोबाइलवर पाहिलं: घरात माणसं दोन,
जोडलेली सात.
बदलू का, विचारलं.
"राहू दे," ती म्हणाली, दिवा मालवत,
"तेव्हा गच्चीवर अकरा होतो."