बारा वाजायच्या आत

विभागाचा इतिहास लिहा, म्हणाले साहेब,
दोन पानं, सुवर्णमहोत्सवी अंकासाठी.
म्हणून महाराजबागेमागच्या गोदामाचं कुलूप काढलं.
पोत्यांचा वास, डांबराच्या गोळ्या,
आणि बहात्तर सालापासूनच्या कापडी पाठीच्या वह्या.

पहिलीच नोंद: जवस, वाण सत्तेचाळीस.
पैदासकार बियाणे, दोन किलो तीनशे ग्रॅम.
डालड्याच्या एका डब्यात मावलं असेल.
मग हंगामामागून हंगाम
पायाभूत, प्रमाणित, पांढरी चिठ्ठी, निळी चिठ्ठी,
क्विंटल, मग ट्रक, भंडारा, पार शिवनीपर्यंत.
उगवण शंभरात ब्याण्णव.
उरलेल्या आठांबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही.

समासात मात्र दरसाल एक आकडा, वेगळ्या शाईत:
भेसळ उपटली, झाडं एकशे चौदा.
एकसष्ट.
एकोणीस.
पुढे अंगठा. मालनबाई गजभिये, रोजंदार, तेलंगखेडी.

ढोबळे बाबूंना आता ऐकू कमी येतं,
पण तिचं नाव पहिल्या हाकेत ऐकलं.
निळ्या वावरातलं पांढरं फूल ती धुऱ्यावरून दाखवायची,
डॉक्टरेटवाले तोवर चष्मे पुसत असायचे.
"बारा वाजायच्या आत पाहा लागते, साहेब.
मंग पाकळ्या गयून जातेत,
मंग सारे झाडं सारखेच."

उपटलेलं जाळायचं, असा नियम.
एका साली, अठ्ठ्याऐंशी की नव्वद,
ढीग आकड्यापेक्षा लहान भरला.
बाबूंनी सही केली.

मी तक्ता आखला: वर्ष, क्षेत्र, उत्पादन.
शुद्धता नव्याण्णव पूर्णांक नऊ.
तो राहिलेला एक दशांश कुठल्या रकान्यात घालू?

पौषात तेलंगखेडीला गेले.
नातसून दारात, ओल्या हातांनी.
मागे, पत्र्याची मोरी आणि उभी स्कूटर यांच्यामध्ये
चादरीएवढा तुकडा, गुडघाभर,
आणि वर पांढरंच पांढरं.
"आजीचा जवस. दरसाल तेच बी धरतो."
काय करता त्याचं?
"चटणी," ती म्हणाली, आणि माझ्याकडे
काहीतरी चुकलंय का अशी पाहत राहिली.

विलगीकरणाचं अंतर, वाणाची ओळख,
सगळं तोंडाशी आलं होतं.
घड्याळात पावणेबारा.
मी उकिडवी बसले
आणि पाहू लागले.