फेरे

आप्पा म्हणायचे, टायर झिजला की मीटर जास्त पळतो.
मला पटेना. मी पाचवीत.
तेव्हा त्यांनी आईची एक बांगडी घेतली, माझी एक,
आणि ओट्यावरून गडगडवत नेल्या
स्टोव्हपासून मोरीच्या भिंतीपर्यंत.
आईच्या बांगडीचे नऊ वेढे. माझ्या बांगडीचे अकरा.
"ओटा तेवढाच ना?
पण मीटरला ओटा दिसत नाही, बये.
तो फेरे मोजतो."

माझगावात, लोखंडी जिन्याखाली त्यांचं दुकान.
तोरस्कर मिस्त्री, टॅक्सी मीटर दुरुस्ती.
रॉकेलच्या डब्यात दातेरी चाकं भिजत पडलेली,
खिळ्यांना लटकलेले पाट्यांचे लाल पत्रे,
शिशाच्या गोळ्या एका बामच्या बाटलीत.
दर वाढले की गिरगावापर्यंत बोलणी व्हायची.
सगळ्या गाड्यांची चाकं बदलेपर्यंत महिने जायचे;
तोवर मीटर जुनंच सांगणार
आणि ड्रायव्हर सन व्हायझरमागून कार्ड काढणार:
डावीकडे मीटरचा आकडा, उजवीकडे खरा.
गिऱ्हाईक म्हणायचं, लुटतात.
आप्पा म्हणायचे, मीटर खोटं बोलत नाही,
त्याला अजून कळवलेलं नाही, एवढंच.

चाचणीला शिवडीचा सरळ रस्ता.
गोदामाच्या भिंतीवरची त्यांची चुन्याची रेघ
ते गंजलेला बंब: बरोबर एक किलोमीटर.
ड्रायव्हरशेजारी डोळे मिटून बसायचे,
आतली टिकटिक ऐकत,
आणि रेघ ओलांडायच्या आत म्हणायचे, "हां. आता पडेल."
पडायचाच.

"एक दात, मिस्त्री. किसको पता चलेगा?"
किती जणांनी विचारलं असेल.
एकदाच दिला. बेचन यादवला.
त्याची बायको टाटात होती, दुसऱ्या मजल्यावर.
सतराचं चाक काढून सोळाचं बसवलं,
सील पुन्हा दाबलं, पैसे घेतले नाहीत.
त्यानंतर रात्री उठून पाणी पीत बसायचे.
कुर्ल्याला मावशीकडे जायचं तर आम्ही बसनं,
पण एकदा पावसात बेचनचीच गाडी थांबली.
आप्पांनी कार्ड मागितलं, आकडा बघितला,
दिले तेवढे पैसे. सुट्टे परत घेतले नाहीत.
चौथ्या महिन्यात तो दुकानात आला.
डोक्याचे केस काढलेले.
"मिस्त्री, अब बराबर कर दो."
आईनं चहा ठेवला होता. कुणी प्यायलं नाही.

मग इलेक्ट्रॉनिक डबे आले, लाल आकड्यांचे.
दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
हल्ली तर गाडीत बसायच्या आधीच भाडं ठरतं,
रस्ता मागाहून.
आप्पांना मी फोनवर दाखवलं: कांजूर ते माझगाव, चारशे बारा.
एका तासाने पुन्हा दाखवलं: पाचशे साठ.
बराच वेळ बघत राहिले.
"रस्ता वाढला?"
नाही, मागणी वाढली.
"मग किलोमीटर कशाला लिहितात?"

एक्याऐंशी संपलं त्यांना.
पलंगापासून बाथरूमपर्यंत चौदा पावलं होती
इथे राहायला आलो तेव्हा. दिवाळीत एकोणीस.
काल मी सव्वीस मोजली, मोठ्यानं नाही.
रात्रीचे दोन, म्हणजे सव्वापटीची वेळ.
मधेच फ्रिजला हात टेकून उभे राहिले.
मी कोपराखाली हात दिला, घाई नाही म्हटलं.
फ्रिजची मोटर सुरू झाली, बंद झाली.

"मीटर टाकलास?"
नाही, आप्पा.
"टाक," म्हणाले. "थांबल्याचंही पडतं."