पान सतरा

खराडीत सहाव्या मजल्यावर
साडेनऊला एसी आपोआप बंद होतो.
मी ओळ ४१२ वर बसून आहे.
अर्ध्या पैशाचा घोळ:
पतसंस्थेचं व्याज दर तिमाहीला
खातेदाराकडे झुकतं, संस्थेकडे कधीच नाही.
मेहजबीननं बग टाकलाय, लाल रंगात. सुधारा.

सुधारणं सोपं आहे, एक चिन्ह बदलायचं.
पण ओळीच्या डोक्यावर कुणीतरी लिहून गेलंय:
हात लावण्याआधी उकिडव्यांचं डॉक्युमेंट बघा, पान १७.
खाली पत्ता, फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर,
शेवटी फाइल
नियम_अंतिम_खरंच_अंतिम_२.

मी तिथल्या तिथे क्लिक केलं.
एडिटरनं जमेल तसं उघडलं बिचाऱ्यानं.
पी, के, एवढी दोन अक्षरं धड,
मग चौकटी, प्रश्नचिन्हं, पुन्हा चौकटी,
शर्टाच्या खिशात राहून
धुतल्या गेलेल्या पासबुकासारखं.
दिवसभर माझे कंस मोजणारा हा,
गाठोडं सोडायला त्याला कुणी शिकवलेलं नाही.
मग अदबीनं विचारतो,
बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये उघडू?

उघड बाबा.

उकिडवे कोण, मी पाहिलेले नाहीत.
मी लागले त्याच्या आधीच निवृत्त.
पण माणूस समास सोडून लिहिणारा,
तारखेआधी 'दि.' घालणारा.
पान सतरा, तक्त्याखाली, बारीक टायपात:

"अर्धा पैसा सभासदाच्या बाजूने सोडावा.
कारण: श्रीमती कोंडाबाई पासलकर, खाते क्र. २०९,
दत्तवाडीहून शनिपाराच्या शाखेत पायी आल्या.
हिशेब पुन्हा मांडला. चूक आमची निघाली.
आठ आणे दिले. त्यांनी पावती मागितली.
जाताना म्हणाल्या,
'आठ आण्यांसाठी नाही आले.
तुम्ही मोजता का, ते बघायला आले.'"

खाली कॅब लागलीय, तांबोळी दोनदा फोन करून गेला.

चिन्ह बदललं नाही.
बगवर लिहिलं, चूक नाही.
आणि कोंडाबाईंचं वाक्य तिथून उचलून
ओळ ४१२ च्या वर आणून ठेवलं,
पुढच्याला बाहेर जावं लागू नये म्हणून.
जतन केलं. बंद केलं. पुन्हा उघडलं,
काना, मात्रा, वेलांटी तगली का पाहायला.

सगळं तगलं.
अवतरणचिन्हं तेवढी मोडली होती.
ती हातानं नीट केली,
तांबोळीला म्हटलं, आलेच.