इतर

जिबोंडोच्या किनाऱ्यावर, ओहोटी लागायच्या आत,
मी बाबाच्या तोंडावर मास्क चढवला.
पट्टा कानांवर अडला. आधी काचेला थुंकी लाव, म्हटलं,
नाहीतर धुकं धरतं.
तो म्हणाला, चाळीस वर्षं ह्या समुद्रात थुंकलोच की,
आता काचेवरही थुंकायचं?

चाळीस वर्षं त्यानं मासे वरून पाहिले:
देमाच्या विणीतून, नावेच्या तळाशी तडफडताना,
लिलावाच्या फळीवर, जिथं सगळे रंग
अर्ध्या तासात एकाच राखेचे होतात.
पोनो त्याला अंधारात कळतो, खवल्यावर अंगठा फिरवून.
चेवा वजनावरून.
कंगाजाच्या शेपटीतलं पातं तर
त्याच्या तळहातावर पांढऱ्या रेघेत लिहिलेलंच आहे.

मी मोजणीवाली. माझ्याकडे पाटी, शिसपेन्सिल
आणि कार्यालयानं दिलेला प्लास्टिकचा तक्ता:
एकशे बारा मासे, सगळे डावीकडे तोंड करून,
शाळेच्या फोटोसारखे गुमान.

आम्ही पालथे तरंगलो. नळीतून त्याचा श्वास
जुन्या भात्यासारखा.
खाली प्रवाळ, आणि प्रवाळावर...
बाबानं माझं मनगट आवळलं.
एक जण चरत होता, करकर, दगड चावल्यासारखा.
हिरवा, हिरव्यात गुलाबी, गालावर
पोरानं खडू ओढावा तसा नारिंगी फराटा.

वर येऊन त्यानं नळी थुंकली. हा कोण?
पोनो.
खोटं बोलू नकोस, म्हणाला,
आणि परत खाली गेला.

मग थांबेचना. तो बोट दाखवायचा, मी तक्ता.
एक पिल्लू: निळ्यावर पांढरी वर्तुळं, पाण्यात खडा पडल्यासारखी.
शेजारच्या चौकटीत तोच, वाढलेला: पिवळ्या आडव्या रेघा,
वर्तुळाची खूण नाही.
बाबानं चित्र पाहिलं, मला पाहिलं,
पुन्हा चित्र.

पण ज्यांना कधी भाव आला नाही
त्यांना आमच्याकडे नाव नाही.
देमात आले तर झटकून द्यायचे, पोरं म्हणून.
तक्त्यावर त्यांची लॅटिन नावं आहेत,
तोंडात नळी असताना लॅटिन कोण बोलणार?
मी अशांना ‘इतर’ लिहिते. इतर बत्तीस. इतर चाळीस.

बाबाला हे पटलं नाही.
एका खडकापाशी मोठमोठे मासे जबडे उघडून रांगेत उभे,
आणि करंगळीएवढा एक निळा काळ्या पट्ट्याचा
त्यांचे दात, गाल, कल्ले साफ करत फिरतो.
शोमारी! बाबा वर येऊन ओरडला,
धक्क्यावरचा न्हावी!
पाणीफुलाच्या झुलत्या बोटांतून बाहेर न पडणारा नारिंगी
म्हणजे माझा मामा किंगवाबा,
लग्न झाल्यापासून जो उंबरठा ओलांडत नाही.
ठिपक्यांचा पिवळा चौकोनी डबा
म्हणजे जुमला मास्तर, वळताना सगळाच वळतो.

ओहोटीनं पाय ओढायला सुरुवात केली तरी
तो नावं ठेवत होता. दोन्ही अर्थांनी.

त्या दिवशी माझ्या पाटीवर ‘इतर’पुढे शून्य.

पंधरा दिवसांनी कार्यालयाचं पत्र आलं:
शोमारी, नग चार, ही जात कोणती? कृपया खुलासा करावा.
बाबा देमाची वीण सोडवत बसला होता.
मान वर न करता म्हणाला, लिही,
हात हलका आहे,
उधारी ठेवत नाही.