कललेला चार

ह्यूजेस रोडच्या उतारावर अंकलेसरिया मोटर्स होतं,
तिथे आता पडद्यांचं कापड मिळतं.
मी दोनदा आत जाऊन आले, काही न घेता.
काळी-पांढरी फरशी तीच आहे,
आणि कोपऱ्यात, गठ्ठ्यांच्या आडोशाला,
कुठल्याच साबणाला न बधलेला
तेलाचा एक डाग.

शेठ वकिलातीच्या गाड्या लिलावात घ्यायचा
आणि घेतली की त्याचे हात शिवशिवायचे.
अमेरिकेनं दिलेलं त्याला पुरायचं नाही.
एकाऐवजी दोन कार्बुरेटर, धुराला दोन वाटा,
क्रँक उतरवून पुन्हा तोललेली,
पेडर रोड चढताना गिअर बदलावा लागू नये म्हणून.
अशा सात प्लिमथ. सातच.
प्रत्येकीच्या इंजिनावर, डाव्या कुशीला,
वामन पेडणेकर आकडे ठोकायचा.
त्याच्या चाराच्या पंचाचा पाय झिजला होता,
म्हणून त्याचा चार कललेला,
दोन घोट जास्त झाल्यासारखा.
वामन स्वतः चहासुद्धा घेत नसे.

लोक येतात माझ्याकडे गाडी दाखवायला.
आकडे कसे, प्रार्थनेला उभ्या मुलांसारखे.
मी म्हणते, खोटी आहे.
कशावरून?
फार नीट आहे.

चौथीचा माग लागला आगाशीला.
डिमेलोंच्या वाडीत, केळीच्या पानांखाली,
दोन दारांची, मागची सीट काढलेली.
त्र्याहत्तरला पेट्रोल भडकलं
तेव्हा तिचं काळीज काढून
त्यांनी ट्रकचं डिझेल इंजिन बसवलं.
बॉनेट मिटेना, म्हणून बॉनेटला भोक.
पंचवीस वर्षं तिनं केळी वाहिली दादरला,
पहाटे चारला, खोकत.
"आणि जुनं इंजिन?"
म्हातारा फिलिप डिमेलो हसला.
"ते सिनेमात गेलं."

खरंच गेलं होतं.
चांदिवलीच्या एका बंद स्टुडिओत,
लोखंडी गाड्यावर, पुढे लाकडी पातं लावलेलं.
वादळाचा पंखा.
राखणदार सांगत होता, हा सुरू झाला की
नायिकेचा पदर उडायचा, खोट्या झाडांची पानं उडायची,
एकदा निर्मात्याचा टोपच उडाला.
कुणाला ठाऊक होतं
शेठनं पेडर रोडसाठी राखलेला जोर
एका पदरावर खर्च होतोय.

इस्माईल मुकादम गुडघ्यांवर बसला.
डाव्या कुशीला हळद, कुंकू, तेल, काजळी,
तीस दसऱ्यांचे थर, बोटभर जाड.
तो पुटी काढायच्या पात्यानं खरवडू लागला,
हळूहळू, जखमेची खपली काढावी तसा.
पिवळं, लाल, काळं,
पुन्हा पिवळं.
मग थुंकी लावून अंगठा फिरवला
आणि काही न बोलता बाजूला झाला.

चार.
कललेला.

अकरा महिने गेले.
रे रोडच्या शेडमध्ये ते इंजिन पुन्हा तिच्या पोटात बसलं.
भोक बुजवायला इस्माईलनं पत्रा शोधला तो
त्याच जाडीचा, त्याच काळातला,
एका मोडीत निघालेल्या आइस्क्रीमच्या पेटीचा.
पहिल्यांदा सुरू केलं
तेव्हा शेजारच्या लेथवाल्यानं लेथ बंद केला
आणि हात पुसत दारात येऊन उभा राहिला. एवढंच.

गिऱ्हाईक पुण्याहून आलं.
आकडा बघितला, फोटो काढला,
रक्कम सांगितली. मी मान हलवली.
जाताना त्याचा पाय कोपऱ्यातल्या डिझेलला लागला.
"हे काय भंगार?"

कुणीच बोललं नाही.

ते काढून ठेवलं तेव्हापासून तिथेच आहे.
चार पोरांची लग्नं आणि एक कौलारू घर
त्यानं ओढून आणलं दादरहून आगाशीला.
त्याच्यावरही आकडा आहे,
यंत्रानं पाडलेला, सरळ,
कुणी न विचारलेला.
यंदा दसऱ्याला इस्माईलनं
दोन हार आणले.