जोडपत्र

रात्री तीनला मी जाकोव्यात भट्टी पेटवतो,
त्याच वेळी उल्मच्या इस्पितळात
लुमनिये तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांची कूस बदलत असते.
आमचा संसार म्हणजे ही वेळ.
फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवतो.
पडद्यावर माझ्याच बोटांचे पांढरे ठसे,
त्यांच्या पलीकडे ती.

भाषेची परीक्षा झाली एकदाची, दुसऱ्या खेपेला.
सेहेचाळिसाव्या वर्षी बाकावर बसलो.
शेजारची पोरगी जेमतेम विशीची,
नखं कुरतडत मलाच म्हणाली, काका, घाबरू नका.
पालथा ठेवलेला पत्ता उचलायचा,
त्यावरच्या चित्राला धरून काहीतरी विनंती करायची.
मला खिडकी आली.
म्हणालो, कृपया खिडकी उघडता का?
परीक्षक बाई खरंच उठल्या आणि उघडली.
त्या भाषेत माझं कुणी ऐकलं, ते पहिल्यांदाच.

लिंगं मात्र काही केल्या पाठ होत नाहीत.
आमच्याकडे भाकर ती, त्यांच्याकडे ते.
टेबल आमचं बाईमाणूस, त्यांचा बाप्या.
दार तेवढं दोन्हीकडे ती,
म्हणून दारापाशी मी कधी अडखळत नाही.

मग पुरावे.
लग्नाचे फोटो, बसची तिकिटं, पाठवलेल्या पैशांच्या पावत्या
(पाठवणारी ती, घेणारा मी,
यावर खिडकीतल्या कारकुनानं एकदा वर पाहिलं).
तीन वर्षांत एकत्र काढलेल्या रात्री: एकेचाळीस.
मी कधी मोजल्या नव्हत्या,
फॉर्मनं मोजायला लावल्या.
‘ओळख कशी झाली?’ याला चार ओळींची जागा.
लिहिलं, ती सोमुन घ्यायला आली, माझ्याकडे सुट्टे नव्हते.
उरलेल्या तीन ओळींत काय लिहायचं असतं, अजून कळलेलं नाही.

प्रिश्टिनाला मुलाखत होती,
त्याच दिवशी, त्याच घटकेला तिकडे तिची.
काचेमागचा पोरगा सभ्य होता.
पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपते?
भिंतीकडे.
चहात साखर?
दोन. शिवाय एक खडा दाताखाली.
कशाला भिते?
मांजराला.
बुटाचं माप?
मी धडाधड सांगत गेलो,
शाळेत कधी इतकं येत नव्हतं.

महिन्याभरानं पत्र आलं:
उत्तरं जुळत नाहीत. तीस दिवसांत खुलासा करावा.

त्या रात्री विचारलं, साखर कधी सोडलीस?
पलीकडे कुठलंसं यंत्र टुकटुकत राहिलं.
गेल्या हिवाळ्यात, म्हणाली. रक्तात निघाली थोडी.
सांगणारच होते.
आणि पलंग?
खिडकीपाशी ओढलाय. भिंतीला ओल येते.
मांजर?
गप्प बसली. मग हसली.
खालच्या मजल्यावरच्या बाईंचं आहे एक.
येतं कधीमधी पायाशी.
ती पहिली भट्टी अख्खी करपली.
सकाळी गिऱ्हाइकांनी निम्म्या भावात नेली, बोलले काही नाहीत.

चुलतभाऊ बुयार म्हणाला, वकील कर,
लिही की प्रश्न नीट ऐकू आला नाही,
लिही की घाबरलो होतो.
मी दुकान लावून घेतलं
आणि पावाच्या कागदी पिशवीवर कच्चं लिहिलं:

साहेब,
उत्तरं दोघांचीही खरी आहेत.
माझं तीन वर्षांपूर्वीचं आहे, तिचं आजचं.
मधलं मला ठाऊक नाही.
अर्ज त्यासाठीच केला आहे.

भाषांतरवाल्या बाईंनी या पाच ओळींचे
अख्ख्या पानाचे पैसे लावले.
शिक्का मारता मारता म्हणाल्या, एवढंच?
म्हटलं, एवढंच.
हां, आणि बुटाचं माप अडतीस, लिहा खाली.
तेवढं जुळलं होतं.